क्लबचा चेअरमन देशाचा राष्ट्राध्यक्ष कसा झाला?

राजकारणी माणूस खेळाच्या संघटनेचा अध्यक्ष झाला, तर आपल्याकडे कुणाला नवल वाटत नाही. शरद पवार केंद्रात मंत्री असतानाच 2005 मध्ये बीसीसीआयचे अध्यक्ष झाले. गोंदियाच्या उद्योजक घराण्यातले प्रफुल्ल पटेल केंद्रीय मंत्री होते आणि 2022 पर्यंत अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची सूत्रंही त्यांच्याच हाती होती. या दोन्ही उदाहरणांत क्रम एकच आहे. राजकारणात वजन आधी तयार झालं, खेळाची खुर्ची नंतर आली.

अर्जेंटिनाच्या मॉरिसिओ माक्री यांचा प्रवास नेमका उलट्या दिशेने झाला. आधी वडिलांचा उद्योगसमूह, मग बोका ज्युनियर्स या फुटबॉल क्लबचं अध्यक्षपद, मग ब्युनोस आयर्सचं महापौरपद आणि 2015 मध्ये थेट देशाचं राष्ट्राध्यक्षपद. गोष्ट इथेही थांबत नाही. राष्ट्राध्यक्षपद भोगून झाल्यावर, 2023 मध्ये, हाच माणूस त्याच क्लबच्या उपाध्यक्षपदासाठी निवडणुकीला उभा राहिला आणि एकेकाळी आपल्याच क्लबात खेळलेल्या खेळाडूकडून हरला.

एका फुटबॉल क्लबच्या खुर्चीत एवढी ताकद येते कुठून? आणि ज्याने देश चालवला, त्याला क्लबच्या दुसऱ्या क्रमांकाच्या खुर्चीसाठी परत रांगेत का उभं राहावंसं वाटतं?

क्लब कुणाच्या मालकीचा?

युरोपातले बरेच मोठे क्लब कुणाच्या तरी मालकीचे असतात. इटलीचे सिल्विओ बर्लुस्कोनी यांनी 1986 मध्ये एसी मिलान विकत घेतला, म्हणजे अक्षरशः पैसे मोजून घेतला. अर्जेंटिनात तसं करता येत नाही. तिथले क्लब नोंदणीकृत संस्था आहेत. त्यांना मालक नाही, त्यांचे शेअर बाजारात विकले जात नाहीत, नफा कुणी घरी नेत नाही. क्लब सभासदांचा असतो आणि सभासद दर काही वर्षांनी मतदान करून कारभारी निवडतात.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजायला सहकारी साखर कारखाना डोळ्यांपुढे आणावा. सभासद, संचालक मंडळ, चेअरमन, सर्वसाधारण सभेतली खडाजंगी, निवडणूक आली की समोरासमोर उभी राहणारी दोन पॅनेलं, सगळं तिथेही आहे. सभासद यादीत कुणाची नावं घुसवली आणि कुणाची गाळली यावरून कोर्टकज्जेसुद्धा आहेत. आणि चेअरमन झालेला माणूस पुढे आमदारकीकडे पाहू लागतो, हेही आहे. कारखाना चालवताना हजारो घरांशी रोजचा संबंध येतो, कामगार हाताळावे लागतात, कर्ज उभं करावं लागतं, भाव जाहीर करताना शिव्या खाव्या लागतात. राजकारणाचं एवढं प्रशिक्षण दुसरीकडे क्वचितच मिळतं.

एक फरक मात्र मोठा आहे. कारखान्याच्या सभासदाला उसाचे पैसे मिळतात. क्लबच्या सभासदाला पैशाच्या रूपात काहीही मिळत नाही, उलट तो दरमहा वर्गणी भरतो. त्या बदल्यात त्याला सामन्याला प्रवेश, क्लबच्या इतर खेळांच्या सोयी आणि मत मिळतं. म्हणजे या संस्थेशी त्याला बांधून ठेवणारी गोष्ट निव्वळ जिव्हाळ्याची आहे. हिशेबाच्या नात्यात माणूस तोटा झाला की निघून जातो. इथे संघ हरला तर तो आणखी चिडून सभेला येतो.

बोका ज्युनियर्सची स्थापना 1905 मध्ये ब्युनोस आयर्सच्या ला बोका या बंदराच्या वस्तीत झाली. इटलीहून पोटासाठी आलेल्या कष्टकऱ्यांच्या पोरांनी हा क्लब काढला. देशाची ‘अर्धी लोकसंख्या अधिक एक’ आपली आहे, असं बोकाचे चाहते छातीठोकपणे सांगतात. आकडा खरा की खोटा हा वाद बाजूला ठेवू. पण त्या देशात बोकाचा अध्यक्ष कोण आहे हे माहीत नसलेला मतदार शोधावाच लागेल.

श्रीमंताचा मुलगा, कष्टकऱ्यांचा क्लब

माक्री यांचे वडील फ्रँको हे मूळचे इटलीचे. अर्जेंटिनात येऊन त्यांनी बांधकामापासून मोटारनिर्मितीपर्यंत पसरलेला सोक्मा हा उद्योगसमूह उभा केला. 1959 मध्ये जन्मलेला मॉरिसिओ हा थोरला मुलगा. सिव्हिल इंजिनियर होऊन तो घरच्याच कंपन्यांत वरच्या पदांवर काम करू लागला. धंद्यात वडिलांचा शब्द शेवटचा असे आणि बापलेकांचं फारसं पटत नसे, हे पुढे दोघांच्याही बोलण्यातून जगाला कळलं.

ऑगस्ट 1991 मध्ये त्याचं अपहरण झालं. जवळपास दोन आठवडे त्याला कोंडून ठेवलं होतं आणि मोठी खंडणी दिल्यावर सोडलं. पुढे पकडल्या गेलेल्या टोळीत पोलीस अधिकारीच निघाले. सार्वजनिक जीवनात उतरण्याचा विचार त्या अनुभवातून पक्का झाला, असं माक्री यांनी नंतर अनेकदा सांगितलं आहे.

पण उतरायचं कुठून? गर्भश्रीमंत उद्योगपतीच्या मुलाला थेट मतं मागायला गेल्यावर लोक विचारणारच, की तू स्वतः काय केलंस? डिसेंबर 1995 मध्ये, वयाच्या 36 व्या वर्षी, तो बोकाच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढला आणि जिंकला.

समोर होते अंतोनिओ अलेग्रे. त्यांच्या कामाबद्दल इथे चार शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण विजेत्यांच्या कहाणीत अशी माणसं हरवतात. 1984 मध्ये बोका अक्षरशः रस्त्यावर आला होता. त्या वर्षीच्या जुलैमध्ये अटलांटा या संघाविरुद्धच्या सामन्यात बोकाचा संघ साध्या पांढऱ्या बनियनवजा शर्टांत उतरला. पाठीवरचे आकडे मार्कर पेनने काढलेले होते. घाम आला तशी शाई ओघळली आणि कोण कुठल्या नंबरचा हे ओळखू येईना. अशा अवस्थेतला क्लब अलेग्रे आणि त्यांचे सहकारी कार्लोस हेलर यांनी दिवाळखोरीतून बाहेर काढला. देणी फेडली, घडी बसवली. पण चषक फारसे आले नाहीत. दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा म्हणजे कोपा लिबर्तादोरेस. ती बोकाने शेवटची 1978 मध्ये जिंकली होती. हिशेब चोख ठेवणाऱ्या माणसाला सभासद मान देतात, पण मत चषकाच्या आशेला देतात.

पैसा येतो कुठून?

क्लबला मालक नाही, तर खिशातून पैसे ओतणारा कुणी नाही. वर्गणी, तिकिटं, जाहिराती, टीव्हीचे हक्क यांतून रोजचा खर्च भागतो. मोठी रक्कम येते ती खेळाडू युरोपला विकून. दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांचं अर्थकारण या एका गोष्टीवर उभं आहे: पोरसवदा खेळाडू स्वस्तात घ्यायचा, घडवायचा, दोन-चार हंगाम खेळवायचा आणि भाव आला की विकायचा.

यातली अडचण उघड आहे. आधी खेळाडू घ्यायला भांडवल लागतं आणि तेच क्लबकडे नसतं. माक्री यांनी 1997 मध्ये त्यावर एक तोड काढली. बाजारातून पैसा गोळा करणारा एक गुंतवणूक निधी काढला. ज्याला हवं त्याने त्यात पैसे घालावेत. त्या पैशातून क्लबसाठी खेळाडू घ्यायचे. खेळाडू मैदानात बोकासाठी खेळणार, पण तो पुढे विकला गेला की येणाऱ्या रकमेत निधीचा वाटा. खेळाडू चमकला तर गुंतवणूकदाराचा फायदा, गुडघा दुखावून बसला तर पैसा बुडाला. क्लब सभासदांचाच राहिला, पण खेळाडूंच्या किमतीत मात्र बाहेरच्या गुंतवणूकदाराला भागी मिळाली.

याच सुमारास, 1996 मध्ये, अर्जेंटिनोस ज्युनियर्स या छोट्या क्लबकडून बोकाने तरुण खेळाडूंचा एक गटच घेतला. डिएगो मॅराडोनाही याच क्लबातून पुढे आला होता. या गटात हुआन रोमान रिकेल्मे नावाचा 18 वर्षांचा मुलगा होता. शांत, कमी बोलणारा, चेंडू पायाशी धरून साऱ्या सामन्याचा वेग आपल्या मनाप्रमाणे कमी-जास्त करणारा. हे नाव लक्षात ठेवावं.

2002 च्या सुरुवातीला अर्जेंटिनाचं अर्थकारण कोसळलं आणि पेसोची किंमत डॉलरच्या तुलनेत घसरली. लोकांची बँकेतली पुंजी आटली. पण परदेशी चलनात खेळाडू विकणाऱ्या क्लबच्या हाती प्रत्येक विक्रीतून आता पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त पेसो पडू लागले आणि पगार तर पेसोतच द्यायचे होते. ज्या संकटाने देश गुडघ्यावर आणला, त्यातून निर्यातदार बोका तुलनेने सावरून निघाला. माक्री यांच्या कारभाराचं कौतुक करणारे हा भाग सहसा सांगत नाहीत.

चषक, आणि कानामागचे हात

पहिली अडीच वर्षं चाचपडण्यात गेली. 1998 मध्ये प्रशिक्षक म्हणून कार्लोस बियांची आले आणि चित्र पालटलं. लीगमध्ये बोका सलग 40 सामने हरला नाही. 2000, 2001, 2003 आणि 2007 अशी चारदा लिबर्तादोरेस जिंकली. नोव्हेंबर 2000 मध्ये टोकियोला युरोपच्या विजेत्या रेआल माद्रिदला 2-1 ने हरवलं. मार्तिन पालेर्मोने पहिल्या सहा मिनिटांतच दोन गोल मारले होते. डिसेंबर 2003 मध्ये योकोहामाला एसी मिलानला पेनल्टींवर हरवलं. त्या वेळी मिलानचे मालक बर्लुस्कोनी इटलीचे पंतप्रधान होते.

मिलान हरला तरी बर्लुस्कोनींचं मालकपण कुणी हिरावून घेऊ शकत नव्हतं. माक्रींना मात्र दर चार वर्षांनी सभासदांपुढे जायचं होतं. 1999 आणि 2003 या दोन्ही वेळा सभासदांनी त्यांना पुन्हा निवडलं. श्रीमंताच्या मुलाने स्वतः काय केलं, या प्रश्नाला आता उत्तर होतं आणि ते दर रविवारी टीव्हीवर दिसत होतं.

पण क्लबच्या अध्यक्षाची सत्ता कुठे संपते, तेही याच काळात दिसलं. 8 एप्रिल 2001. कट्टर प्रतिस्पर्धी रिव्हर प्लेटविरुद्धचा सामना, स्वतःचं मैदान, खच्चून भरलेलं ला बॉम्बोनेरा. रिकेल्मेचा करारावरून व्यवस्थापनाशी वाद चालू होता. त्याची पेनल्टी गोलरक्षकाने अडवली, उडालेला चेंडू त्याने डोक्याने जाळ्यात घातला. मग तो धावत निघाला आणि अध्यक्षांच्या कक्षासमोर येऊन थांबला. दोन्ही हातांचे तळवे कानांमागे धरले, टीव्हीवरच्या तोपो जिजो या मोठ्या कानांच्या उंदरासारखे. हसला नाही, हलला नाही, नुसता वर बघत उभा राहिला. माझ्या मुलीला तो उंदीर आवडतो, असं त्याने नंतर सांगितलं. मैदानातल्या प्रत्येकाने त्याचा अर्थ आपापला लावला होता: आता ऐका, लोक कुणाचं नाव घेतायत.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बियांचींनी करार वाढवणार नाही असं जाहीर केलं. त्यांची पत्रकार परिषद चालू असताना माक्री तिथे येऊन बसले आणि कॅमेऱ्यांसमोरच कारण विचारू लागले. बियांची उठले आणि निघून गेले. कंपनीत अध्यक्ष कुणालाही खुलासा मागू शकतो. लाखो लोक ज्याला आपला मानतात त्या प्रशिक्षकाला तसा मागता येत नाही. माझ्या मते या दोन प्रसंगांत माक्री यांच्या पुढच्या राजकारणाची सगळी मर्यादा दिसते. निकाल आणण्याची हातोटी त्यांच्याकडे होती. लोकांच्या मनातली माणसं आपल्या बाजूला ठेवण्याची नव्हती.

चौकट: प्रवास एका नजरेत
1995: बोका ज्युनियर्सचे अध्यक्ष
2003: ब्युनोस आयर्सच्या महापौरपदासाठी लढत, पहिल्या फेरीत आघाडी, दुसऱ्या फेरीत पराभव
2005: संसदेवर निवड
2007: महापौर, बोकाचं अध्यक्षपद सोडलं
2011: पुन्हा महापौर
2015: राष्ट्राध्यक्ष
2019: फेरनिवडणुकीत पराभव
2020: फिफा फाउंडेशनचे कार्यकारी अध्यक्ष
2023: बोकाच्या उपाध्यक्षपदाच्या निवडणुकीत पराभव

क्लबातून सरकारात

नोव्हेंबर 2015 मध्ये, अर्जेंटिनात प्रथमच झालेल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीत, माक्री यांनी प्रतिस्पर्धी दानिएल सिओली यांना 51 टक्क्यांहून थोडी अधिक मतं मिळवून हरवलं. सरकार बनवताना जुनी माणसं बरोबर आली. बोकाचं प्रशासन पाहिलेले आंद्रेस इबारा मंत्री झाले. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या व्यवसायातले गुस्तावो आरिबास देशाच्या गुप्तचर यंत्रणेचे प्रमुख झाले. क्लबात पारखलेल्या माणसांवर भरवसा ठेवणं समजण्यासारखं आहे, पण गुप्तचर खातं खेळाडूंच्या दलालाकडे सोपवणं मला तरी पटत नाही.

फुटबॉलचं राजकारण तिथे काय चीज आहे, हे त्याच महिनाभरात साऱ्या देशाने पाहिलं. 1979 पासून अर्जेंटिनाच्या फुटबॉल महासंघावर हूलिओ ग्रोंदोना यांची एकहाती सत्ता होती. 2014 मध्ये त्यांचं निधन झालं. डिसेंबर 2015 मध्ये नव्या अध्यक्षासाठी 75 प्रतिनिधींनी मतदान केलं. निकाल लागला 38-38. पंचाहत्तर माणसांची शहात्तर मतं! निवडणूक रद्द झाली, पुढच्या वर्षी फिफाने महासंघावर तात्पुरती समिती नेमली आणि 2017 मध्ये क्लौदिओ तापिया अध्यक्ष झाले. ते तेव्हा बाराकास सेंट्राल या छोट्या क्लबचे अध्यक्ष होते, आणि देशातल्या बलाढ्य ट्रकचालक संघटनेचे नेते उगो मोयानो यांचे जावई होते. मोयानो स्वतः इंडिपेंडिएंते क्लबचे अध्यक्ष होते. म्हणजे क्लबच्या शिडीवर उद्योगपती एकटा चढत नव्हता, कामगार पुढारीही चढत होते.

माक्री यांच्या आधीच्या राष्ट्राध्यक्ष क्रिस्टिना किर्शनर यांच्या सरकारने 2009 मध्ये लीगचे टीव्ही हक्क घेऊन सामने सर्वांना फुकट दाखवायला सुरुवात केली होती आणि मधल्या वेळात सरकारी जाहिराती दाखवल्या जात. माक्री यांच्या काळात, 2017 मध्ये, ही योजना बंद झाली आणि हक्क खासगी वाहिन्यांकडे गेले. तिजोरीच्या दृष्टीने निर्णय समर्थनीय होता. पण ज्यांच्या घरी पैसे भरून वाहिनी घेण्याची ऐपत नव्हती, त्यांचा रविवार गेला.

खरा घोळ झाला अर्थकारणात. क्लब अडचणीत आला की एक हिरा विकून वर्ष काढता येतं. देशाकडे विकायला रिकेल्मे नसतो. 2018 मध्ये पेसो पुन्हा घसरू लागला, तेव्हा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज घ्यावं लागलं. आधी 50 अब्ज डॉलर ठरले, पुढे ते 57 अब्जांच्या आसपास वाढवले. नाणेनिधीने तोवर कुठल्याही देशाला एवढं कर्ज मंजूर केलं नव्हतं. 2019 मध्ये महागाईचा दर 50 टक्क्यांच्या वर गेला. त्या वर्षीच्या निवडणुकीत माक्री हरले. क्लबात वाईट हंगाम गेला तर प्रशिक्षक बदलून पुढच्या वर्षाची वाट बघतात. महिन्याच्या अखेरीस पगारातून अर्ध्या वस्तू येईनाशा झाल्या, की मतदार तेवढं थांबत नाही.

परतीची निवडणूक

2020 मध्ये फिफाने माक्री यांना आपल्या फाउंडेशनचं प्रमुखपद दिलं. पण मन बोकातच होतं. डिसेंबर 2019 मध्ये त्यांच्या गटाच्या हातून क्लब गेला होता. विजयी पॅनेलचे अध्यक्ष होते होर्हे अमोर अमेआल, आणि उपाध्यक्षांपैकी एक होता रिकेल्मे.

2023 मध्ये रिकेल्मे अध्यक्षपदासाठी उभा राहिला. विरोधात आंद्रेस इबारा अध्यक्षपदाला आणि माक्री उपाध्यक्षपदाला. मतदान 2 डिसेंबरला व्हायचं होतं, पण न्यायालयाने ते थांबवलं. वाद सभासद यादीचा होता. बोकात सभासदांचे वर्ग आहेत. स्टेडियमची क्षमता मर्यादित, सभासद होऊ इच्छिणारे लाखोंनी, म्हणून अनेकजण वर्षानुवर्षं दुय्यम सभासद म्हणून प्रतीक्षेत राहतात. पूर्ण सभासद झाल्याशिवाय मताचा अधिकार नाही. त्यांतल्या सुमारे 13 हजार जणांना नियम डावलून पुढे आणलं, असा विरोधकांचा आक्षेप होता.

अखेर 17 डिसेंबरला मतदान झालं. ला बॉम्बोनेरात सुमारे 43 हजार सभासदांनी मत दिलं. रिकेल्मेला जवळपास 65 टक्के मतं मिळाली.

माजी राष्ट्राध्यक्षाने हे सगळं का ओढवून घेतलं? एक कारण राजकीय आहे. एवढ्या लोकांशी रोजचं नातं देणारी दुसरी संस्था अर्जेंटिनात नाही. दुसरं कारण धोरणाचं आहे. क्लबांना कंपनी होण्याची आणि खासगी भांडवल घेण्याची मुभा असावी, हा माक्री यांचा जुना आग्रह. 1999 मध्ये त्यांनी तो महासंघात मांडला, तेव्हा जवळपास सगळे क्लब विरोधात गेले. पण प्रश्न खोटा नव्हता. त्याच वर्षी रेसिंग हा जुना, मोठा क्लब दिवाळखोर ठरून कायमचा बंद पडायच्या बेतात होता. पुढे एका खासगी कंपनीने तो चालवायला घेतला, 2001 मध्ये रेसिंगने लीग जिंकली आणि खासगीकरणाच्या बाजूचे लोक तेच उदाहरण देऊ लागले. मग ती कंपनीही बुडाली आणि 2008 मध्ये क्लब पुन्हा सभासदांच्या हाती आला. त्यामुळे विरोधकही रेसिंगचंच उदाहरण देतात.

रिकेल्मे निवडून आला त्याच आठवड्यात नवे राष्ट्राध्यक्ष हावियेर मिलेई यांनी एक मोठा वटहुकूम काढला. क्लबांना कंपनीत रूपांतर करून घेता येईल, ही तरतूद त्यात आहे. लगेच महासंघ विरोधात उभा राहिला, प्रकरण न्यायालयात गेलं. पण वटहुकूम टिकला तरी तो फक्त दार उघडतो. कंपनी व्हायचं की नाही, याचा ठराव प्रत्येक क्लबच्या सभासदांनाच करावा लागेल, आणि बोकाच्या सभासदांनी आपल्या क्लबची सूत्रं निदान तेवढ्यापुरती कुणाकडे दिली ते आपण पाहिलंच.